खेळाडूची पारख

सन २०२२ च्या उन्हाळ्यांतील गोष्ट. सायंकाळीं गंगेवर फेरी मारून मी नुकताच घरीं परतलों होतों. इतक्यांत आमच्या आळींतील एक बाई आपल्या मुलास बरोबर घेऊन आल्या. मुलगा माझा जुना विद्यार्थी. शाळेंत असतांना तो खो-खोच्या संघांत होता, व पुढें महाविद्यालयाच्या संघांतहि त्यानें चांगलें नांव मिळविलें होतें. बाई ओट्यावर टेकल्या व म्हणाल्या, "गुरुजी, याची पदवीची शेवटची परीक्षा तोंडावर आली आहे, आणि हा म्हणतो मला पुण्यास चांचणीला जायचें आहे. खो-खोला आतां पैसे मिळणार आहेत म्हणे. याच्या अंगीं तेवढा गुण आहे कीं नाहीं, तें तुम्हीं एकदां पाहून सांगा. तुम्हीं नाहीं म्हणालांत तर हा ऐकेल. माझें ऐकत नाहीं."

मुलगा खालीं मान घालून उभा होता. मीं त्याला विचारलें, "तुला स्वतःला काय वाटतें रे?" तो म्हणाला, "सर, मला वाटून काय उपयोग? निवडणाऱ्यांना काय वाटेल तें सांगा."

त्याच्या ह्या उत्तरानें मी विचारांत पडलों. मीं जन्मभर संस्कृत शिकविलें. शाळेंत खेळांची जबाबदारी घेण्यास कोणी पुढें येईना, म्हणून खो-खोचा संघ माझ्याकडे आला आणि तो वीस वर्षांहून अधिक काळ माझ्याकडेच राहिला. उत्तरपत्रिका तर मीं हजारोंनीं तपासल्या. परंतु उत्तरपत्रिकेंत जें लिहिलेलें असतें त्यालाच गुण द्यावयाचे असतात. येथें जें अद्याप लिहिलेंच गेलें नाहीं, त्याला गुण द्यावयाचे होते. मीं बाईंना सांगितलें, "पंधरा दिवस द्या. मी रोज मैदानावर जाऊन याचा खेळ पाहतों, आणि मग सांगतों."

त्या पंधरा दिवसांत मीं काय पाहिलें, आणि शेवटीं माझी चूक कोठें झाली, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे. ज्यांच्या घरीं एखादें खेळाडू मूल आहे, त्यांस त्याचा कांहीं उपयोग व्हावा अशी आशा आहे.

प्रथम ह्या निवडीचें स्वरूप सांगितलें पाहिजे. खो-खो हा आपल्या अंगणांतला खेळ. त्याला नियमांत बांधण्याचें काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं हातीं घेतलें. पुढें १९२४ सालीं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें, आणि १९३५ सालीं अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें आपापले नियम प्रसिद्ध केले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० सालीं विजयवाड्यास झाली. उत्कृष्ट खेळाडूंस एकलव्य, राणी लक्ष्मीबाई, वीर अभिमन्यु व जानकी ह्या नांवांचे पुरस्कार मिळूं लागले. मान मिळाला, परंतु द्रव्य मिळालें नाहीं. खो-खोवर ज्याला पोट भरावयाचें असेल, त्याला रेल्वे, पोलीस, विमानतळ प्राधिकरण अशा खात्यांतील खेळाडूंसाठीं राखलेली एखादी जागा मिळविणें, एवढा एकच मार्ग होता.

२०२२ सालीं दुसरा मार्ग निघाला. 'अल्टिमेट खो-खो' ह्या नांवाची व्यावसायिक स्पर्धा पुण्यास बालेवाडीच्या क्रीडानगरींत १४ ऑगस्टपासून ४ सप्टेंबरपर्यंत भरली. मुंबई, गुजरात, राजस्थान, चेन्नई, ओडिशा व तेलुगू असे सहा संघ होते. क्रिकेटमध्यें २००८ पासून, व कबड्डींत २०१४ पासून, असे संघ खेळाडूंस लिलावांत बोली लावून घेत आले आहेत. खो-खोनें मात्र निराळी रीत पत्करली. खेळाडूंच्या श्रेणी आधीं पाडल्या. श्रेणीप्रमाणें मानधन ठरविलें. सर्वांत वरच्या श्रेणीस पांच लाख रुपये. नंतर संघचालक पाळीपाळीनें एकेक नांव उचलीत गेले. बोली नाहीं आणि चढाओढीचा आरडाओरडा नाहीं. नोंद झालेल्या २४० खेळाडूंपैकीं १४३ जणांस संघ मिळाला. बाकीच्यांनीं आपली पिशवी उचलून घरची वाट धरली असेल.

ह्या रीतीस 'ड्राफ्ट' म्हणतात, आणि ती मूळची अमेरिकेंतील आहे. बास्केटबॉल हा खेळ तेथें १८९१ सालीं जेम्स नेस्मिथ नांवाच्या एका व्यायामशिक्षकानेंच काढला. महाविद्यालयांतून तो खेळणाऱ्या तरुणांची व्यावसायिक संघांत जी वांटणी होते, ती १९४७ पासून ह्याच रीतीनें होत आली आहे. मागील वर्षीं जो संघ तळाशीं राहिला त्यास निवडीचा पहिला मान, हें तिचें मूळ तत्त्व होय. सर्व गुणी मुलें बलाढ्य संघानेंच उचलूं नयेत, हा त्यांतील हेतु. पुढें कांहीं संघ ह्या मानासाठीं मुद्दाम हरतात कीं काय, असा संशय येऊं लागला, तेव्हां १९८५ पासून तळाच्या संघांत चिठ्ठ्या टाकण्याची जोड त्यास देण्यांत आली.

लिलावांत चूक झाली तर पैसा जातो. पाळीनें निवडतांना चूक झाली तर पाळी जाते, आणि आपण सोडलेला खेळाडू प्रतिपक्षांत जाऊन आपल्यावरच उलटतो. ह्यामुळें निवडीपूर्वीं खेळाडूची पारख करण्याचें तेथें एक शास्त्रच बनलें आहे. उंची मोजतात, पसरलेल्या हातांची लांबी मोजतात, जागच्या जागीं मारलेली उडी मोजतात, आणि किती वजन किती वेळां उचललें तेंहि लिहून ठेवतात.

माझ्यापाशीं असलीं साधनें नव्हतीं. मीं एक दोनशे पानी वही घेतली, तिच्यांत रकाने आंखले, व दुसऱ्या दिवसापासून मैदानाच्या कडेला बसूं लागलों. सामना मीं एकहि पाहिला नाहीं, सरावच पाहिला. ह्याचें कारण सांगतों. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत दोन नाट्याचार्यांमध्यें श्रेष्ठ कोण असा वाद लागतो, आणि निर्णय देण्याचें काम परिव्राजिकेकडे येतें. आचार्यांची परीक्षा त्यांच्या शिष्यांवरून व्हावयाची असते. त्या वेळीं ती सांगते कीं, शिष्यांनीं भरजरी वेष करून येऊं नये, म्हणजे अंगांची हालचाल स्वच्छ दिसेल. सामन्यांत टाळ्या असतात, पिपाण्या असतात, समोर पाहुणे असतात. तो खेळाचा भरजरी वेष होय. सरावांत तो उतरलेला असतो.

पहिला रकाना मीं 'बसणें' हा ठेवला. पुष्कळांस वाटतें कीं खो-खो हा धांवण्याचा खेळ आहे. वस्तुतः तो बसण्याचा व उठण्याचा खेळ आहे. पाठलाग करणाऱ्या पक्षाचे आठ गडी ओळीनें आळीपाळीनें उलटसुलट तोंडें करून बसलेले असतात, आणि एक धांवत असतो. जो बसला आहे त्याच्या टांचा कोठें आहेत, भार चवड्यांवर आहे कीं नाहीं, हातांचीं बोटें जमिनीला टेकलीं आहेत कीं नाहींत, हें पाहावें. नुसत्या डोळ्यांनीं जो पळत्या गड्याचा माग ठेवतो आणि मान वळवीत नाहीं, तो खो मिळतांक्षणीं सुटतो. जो मान वळवितो, तो अर्ध्या पावलानें मागें पडतो, आणि खो-खोंत अर्धें पाऊल म्हणजे गडी हातचा गेलाच.

दुसरा रकाना 'खो देणें'. हाताचा स्पर्श व तोंडचा शब्द एकदम झाला पाहिजे. घाईंत शब्द आधीं जातो, किंवा बसलेला गडी खो मिळण्यापूर्वींच उठतो, आणि पंचाची शिटी वाजते. किती गडी बाद केले हें सर्व मोजतात. किती नियमभंग केले हें फारच थोडे मोजतात.

तिसरा रकाना 'पळती'. चांगला पळणारा समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत नाहीं. कमरेकडे पाहतो, कारण डोळे हूल देऊं शकतात, कंबर देऊं शकत नाहीं. एकेरी साखळी किती वेळ खेळतो, ती तुटल्यावर गोल धरतो कीं घाबरून खांबाकडे धांवतो, आणि दोन मिनिटें होऊन गेल्यावर दम कसा राहतो, हें सर्व मीं लिहून ठेवीत असें.

चौथा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. 'बाद झाल्यावर' असें त्याला नांव दिलें होतें. कांहीं मुलें बाद झाल्यावर पंचाकडे पाहतात, कांहीं आकाशाकडे पाहतात. हा मुलगा बाद झाला कीं थेट पुढच्या तुकडीकडे जाई, आणि पाठलाग करणाऱ्यांपैकीं कोण दमला आहे, कोणता गडी उशीरा उठतो, तें त्यांच्या कानांत सांगे. हें पाहून मला फार समाधान झालें. असें समाधान परीक्षकास झालें कीं त्यानें सावध व्हावें. मी झालों नाहीं.

आंकड्यांविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. मुलानें मला आपल्या सामन्यांच्या गुणपत्रिका आणून दिल्या होत्या. त्यांत कोठें अडीच मिनिटें, कोठें तीन मिनिटें, अशी संरक्षणाची वेळ होती. परंतु त्या आंकड्याचा अर्थ लावतां आला पाहिजे. पळते गडी तिघांच्या तुकडीनें मैदानांत उतरतात. तिघांतला जो शेवटीं बाद होतो त्याच्या नांवावर सर्वांत मोठी वेळ पडते. पण पाठलाग करणाऱ्यांनीं आधीं दुसऱ्या दोघांचा माग घेतला म्हणून ती वाढली, कीं त्याच्या कौशल्यामुळें वाढली, हें आंकडा सांगत नाहीं. पहिल्या तुकडीपुढें ताजे पाय असतात, तिसऱ्या तुकडीपुढें दमलेले असतात. तालुक्याच्या सामन्यांतील तीन मिनिटें व राष्ट्रीय सामन्यांतील दीड मिनिट यांत दीड मिनिट भारी असूं शकतें. यासाठीं आंकडा पाहावा, परंतु तो कोणापुढें झाला, केव्हां झाला, हें विचारल्यावांचून त्यावर विसंबूं नये.

मोजमापाचीहि तीच गोष्ट. २००७ सालीं अमेरिकेंतील चांचणींत केव्हिन ड्युरंट नांवाच्या सडपातळ तरुणास नेमून दिलेलें वजन एकदांहि उचलतां आलें नाहीं. तरी एका संघानें त्यास दुसऱ्या क्रमांकावर घेतलें, आणि पुढें तो त्या खेळांतील श्रेष्ठांपैकीं एक ठरला. निकोला योकिच नांवाचा सर्बियन खेळाडू २०१४ सालीं थेट एकेचाळिसाव्या क्रमांकापर्यंत कोणी उचलला नाहीं. त्यानेंच पुढें वर्षाच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान तीन वेळां मिळविला. उलट आपल्या पंजाबांतील बल्लो के गांवचा सतनामसिंग घ्या. सात फूट दोन इंच उंची. २०१५ सालीं बावन्नाव्या क्रमांकावर त्याची निवड झाली. ह्या निवडींतून घेतला गेलेला भारतांत जन्मलेला तो पहिला खेळाडू. परंतु त्या श्रेष्ठ स्पर्धेंतील एकहि सामना त्याच्या वांट्याला आला नाहीं. उंची मोजतां आली, तिचें पुढें काय होणार तें मात्र कोणास मोजतां आलें नाहीं.

अशी चूक मीं स्वतः पूर्वीं एकदां केली होती. वीस एक वर्षांपूर्वीं आंतरशालेय स्पर्धेसाठीं संघ निवडतांना मीं एका किरकोळ अंगाच्या मुलास वगळलें होतें. त्याच्या वर्गांतील दुसरा मुलगा उंच होता, मिसरूड फुटलेला होता, आणि लांब टांगा टाकून कोणासहि गांठीत होता. मीं त्याला घेतलें. दोन वर्षांत काय झालें? मिसरूड सर्वांनाच फुटलें. उंच मुलाचें जें अधिक होतें तें वयाचें होतें, तें संपलें. किरकोळ मुलाला ताकदीच्या अभावीं जी हुलकावणी शिकावी लागली होती, ती मात्र त्याच्यापाशीं राहिली, आणि वर ताकदहि आली. तो पुढें दुसऱ्या शाळेंत गेला व राज्याच्या संघांतून खेळला. मला तो आजहि वाटेंत भेटला कीं वाकून नमस्कार करतो. मला तो नमस्कार घेतांना संकोच वाटतो.

हा अनुभव गांठीं असल्यामुळें ह्या वेळीं मीं फार काळजी घेतली. वय पाहिलें, गुडघे व घोटे यांना पूर्वीं कांहीं दुखापत झाली होती काय तें विचारलें, आंकडे चाळून घेतले. पंधराव्या दिवशीं मी बाईंच्या घरीं गेलों व म्हणालों, "ताई, मुलगा खरा आहे. निवड होईलच. जाऊं द्या त्याला."

तो गेला. चांचणी आणि तिच्यापूर्वींचा सराव यांत त्याचे जवळ जवळ तीन आठवडे गेले. निवड झाली नाहीं. परीक्षेस तो बसला, पण अभ्यास अपुरा पडला आणि एक विषय राहिला. पदवी हातीं नसल्यामुळें ज्या दोन जागांसाठीं तो त्या वर्षीं अर्ज करणार होता, त्या गेल्या.

निकाल लागल्यावर मी त्यांच्या घरीं गेलों. जाण्यास पाय उचलत नव्हता, पण न जाणें त्याहून वाईट झालें असतें. बाईंनीं नेहमींप्रमाणें चहा केला. मीं म्हणालों, "ताई, माझी पारख चुकली." त्या थोडा वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही चुकलांत त्याचें मला कांहीं वाटत नाहीं. चूक कोणाचीहि होते. पण तुम्हीं 'होईल' म्हणाला असतांत तर मी याला अर्धा वेळ पुस्तकाजवळ बसविला असता. तुम्हीं 'होईलच' म्हणालांत."

त्या एका 'च' चा अर्थ मला जन्मभर व्याकरण शिकवूनहि कळला नव्हता, तो त्या दिवशीं कळला.

मुलास मीं माझी वही दिली. त्यानें ती बारकाईनें वाचली व दोन दिवसांनीं परत आणून दिली. म्हणाला, "सर, यांतलें सगळें खरें आहे. पण तुम्हीं माझा जुना खेळ पाहिलात. तिथें नवा खेळ होता." आणि मग त्यानें मला समजावून सांगितलें. आपल्या साध्या खो-खोंत पाठलाग करणाऱ्यानें एकदां दिशा धरली कीं त्याला मागें वळतां येत नाहीं, व बसलेल्यांच्या मधून पलीकडे जातां येत नाहीं. नव्या स्पर्धेंत एका गड्यास 'वजीर' नेमतात, व त्यास कोणत्याहि दिशेस वळण्याची मोकळीक असते. मैदानांत नवाच्या ऐवजीं सातच गडी. मैदानहि आंखूड. साध्या स्पर्शाला दोन गुण, परंतु सूर मारून किंवा खांबावर झेपावून बाद केलें तर तीन गुण. पायांखालीं मातीच्या ऐवजीं मॅट. "मी साखळी चांगली खेळतों सर, पण मला सूर मारतां येत नाहीं. मातीवर मीं तो कधीं शिकलोंच नाहीं. त्यांना आक्रमणाला सूर मारणारा हवा होता. मला घेतलें नाहीं, तें बरोबरच झालें."

म्हणजे मीं गुण पाहिला, गरज पाहिली नाहीं. संस्कृतांत मी मुलांना सांगत असें कीं पात्र पाहून दान करावें. येथें दान कोणत्या पात्रांत पडणार आहे, इकडे माझें लक्षच नव्हतें. तरी पण नुसती गरज पाहूनहि भागत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. १९८४ सालीं पोर्टलंड नांवाच्या अमेरिकन संघाला दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली होती. त्यांच्यापाशीं बाहेरून खेळणारा एक उत्तम खेळाडू होता; उणीव होती ती मध्यावरच्या उंच गड्याची. म्हणून त्यांनीं सॅम बोवी ह्या उंच तरुणास घेतलें, जरी त्याचा पाय पूर्वीं मोडला होता. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोच्या संघानें मायकेल जॉर्डन यास घेतलें. जॉर्डननें पुढें शिकागोला सहा अजिंक्यपदें मिळवून दिलीं. बोवीचा पाय त्याला वारंवार दगा देत राहिला. त्या संघानें गरज पाहिली व गुण हातचा गेला. मीं गुण पाहिला व गरज राहून गेली. द्रव्य, यंत्रें व माणसें हाताशीं असणारे चुकतात, तेथें मैदानाच्या कडेला वही घेऊन बसणाऱ्या मास्तराची काय कथा?

ह्याचा अर्थ पारख करूंच नये असा नव्हे. आपल्याच जिल्ह्यांतील उदाहरण घ्या. चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोही येथील दत्तू भोकनळ हा पाण्याच्या दुष्काळांत वाढलेला, विहिरी खणण्याच्या कामावर राबलेला मुलगा. २०१२ सालीं तो सैन्यांत गेला. वल्हीं मारण्याची शर्यत हा खेळ त्यानें तोंवर पाहिलाहि नव्हता. तेथील शिक्षकांनीं त्याची उंची व ताकद पाहून त्यास नावेंत बसविलें. २०१६ सालीं तो रिओच्या ऑलिंपिक स्पर्धेंत उतरला व तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत चौघांच्या नौकेंत त्यानें सुवर्णपदक मिळविलें. तळेगांवांत बसून कोणी म्हणाला असता कीं हा मुलगा वल्हीं मारील, तर लोक हंसले असते. त्र्यंबक तालुक्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊतचीहि कथा अशीच. डोंगरावरच्या वाटा तुडविणारी ही मुलगी नाशिकास भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर धांवण्याचे धडे घेऊं लागली, आणि २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत दहा हजार मीटरच्या शर्यतींत कांस्यपदक घेऊन आली. ज्यांनीं ह्यांना ओळखलें त्यांनीं 'होईलच' असें म्हटलें नसावें. 'करून पाहूं या' एवढेंच म्हटलें असावें. पारख करणाऱ्याचें खरें काम दार उघडणें हें आहे, भविष्य वर्तविणें हें नव्हे.

आतां पालकांस दोन-चार गोष्टी सुचवितों.

मुलाच्या खेळाविषयीं मत विचारावयाचें असेल तर तें एकाला विचारूं नये. निदान तिघांस विचारावें: ज्यानें त्याला वाढविलें तो शिक्षक, ज्यानें त्याच्याविरुद्ध खेळून पाहिलें तो प्रतिस्पर्धी, आणि ज्याला त्याच्याविषयीं कांहींच ममत्व नाहीं असा तिसरा जाणता. शिक्षकाला गुण दिसतात, प्रतिस्पर्ध्याला उणीवा दिसतात, व तिसऱ्याला गरज दिसते.

निवडीपूर्वीं नियम वाचावे. ज्या स्पर्धेसाठीं निवड आहे ती कोणत्या नियमांनीं खेळली जाते, हें न पाहतां मुलाला तयार करणें म्हणजे एका विषयाचा अभ्यास करून दुसऱ्या विषयाच्या परीक्षेस बसविणें होय.

वय खोटें सांगूं नये. लहान गटांत मिळविलेलें यश हें खोट्या वयाचें असेल तर तें मोठ्या गटांत उघडें पडतें, आणि मुलगा स्वतःच्याच नजरेंतून उतरतो. उलट मूल वयाच्या मानानें लहान चणीचें असेल तर घाई करूं नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, निवडीच्या भरंवशावर दुसरी वाट मोडूं नये. तीन आठवड्यांच्या स्पर्धेचें मानधन कितीहि मोठें दिसलें तरी तें वर्षाचें पोट नव्हे. आपल्या राज्यांत खेळाडूंसाठीं सरकारी नोकरींत पांच टक्के जागा राखलेल्या आहेत, परंतु त्या जागांसहि शिक्षणाची अट असतेच. धाराशिवची सारिका काळे हिचें उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. घरच्या गरिबीशीं झगडून ती खेळली. २०१६ सालीं दक्षिण आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती नायिका होती. ती क्रीडा अधिकारी झाली, आणि २०२० सालीं तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळ आणि उपजीविका ह्या दोन्ही वाटा तिनें एकमेकींच्या हातांत हात घालून चालविल्या.

आमच्या मुलाचें पुढें काय झालें, हें वाचकांस जाणून घ्यावेंसें वाटेल. राहिलेला विषय त्यानें त्याच हिंवाळ्यांत सोडविला. वर्षभरानें त्याला एका कार्यालयांत नोकरी लागली. ती त्याच्या मनांतली नोकरी नव्हे, पण बरी आहे. संध्याकाळीं तो मैदानावर लहान मुलांना खो-खो शिकवितो, आणि जुनी गादी पसरून सूर मारणें आधीं शिकवितो.

जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ तारखेचे दोन्ही अंतिम सामने आम्हीं आमच्या घरीं दूरचित्रवाणीवर एकत्र पाहिले. बाईहि आल्या होत्या. मुलींनीं नेपाळचा ७८-४० असा, आणि मुलांनीं ५४-३६ असा पराभव केला. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचेच: प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. चषक उचलतांना पाहून मुलगा म्हणाला, "सर, २०२२ च्या अंतिम सामन्यांत वाईकरचा तेलुगू संघ ओडिशाकडून ४६-४५ असा एका गुणानें हरला होता. त्या दिवशीं मी बालेवाडीला होतों. तिकीट काढून गेलों होतों." इतकीं वर्षें त्यानें हें मला सांगितलें नव्हतें. बाईंनाहि तें ठाऊक नसावें. त्यांनीं मुलाकडे पाहिलें व नजर पुन्हां पडद्याकडे वळविली.

गेल्या महिन्यांत मी त्याच्या मैदानावर गेलों होतों. जिल्ह्याच्या संघासाठीं मुलें निवडावयाचीं होतीं, व त्यासाठीं त्यानें मला बोलाविलें होतें. त्याच्या हातांतहि एक वही होती. रकाने बहुतेक माझेच होते: बसणें, खो देणें, पळती, बाद झाल्यावर. मात्र शेवटीं त्यानें एक रकाना आपला म्हणून वाढविला होता. वर लिहिलें होतें, 'पुढें'. मीं चष्मा सांवरून पाहिलें. बावीस मुलांपैकीं एकोणीस मुलांसमोर त्यानें एकच वाक्य लिहिलें होतें: 'अजून सांगतां येत नाहीं, येत राहूं दे.'

मीं वही मिटून त्याच्या हातांत दिली, व मुलांना ओळीनें बसावयास सांगितलें.